अमेरिकेतून ठाण्यात कायमचं परत येताना: कुठला कागद आधी, कुठला नंतर

तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर घेऊन बसा. हे मी पहिल्या वाक्यात लिहितेय कारण घरी परतायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष सामान, शाळा आणि घर यावर असतं, आणि येण्याची तारीख मात्र जिथे स्वस्त तिकीट मिळेल तिथे पडते. आम्ही १४ वर्षं न्यू जर्सीत राहून २०२३ मध्ये ठाण्याला परत आलो, पाचपाखाडीत भाड्याने घर घेतलं, आणि तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच घरांना हेच सगळं फोनवर समजावून सांगतेय, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

आधी आमच्या घरातला मामला सांगते, कारण त्यावरून नियम पटकन कळतील. माझा पासपोर्ट भारतीयच राहिला, ग्रीन कार्ड होतं. नवरा अमेरिकन नागरिक झाला, त्याने ओसीआय कार्ड काढलं (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते). दोन्ही मुलं तिथे जन्मलेली, त्यामुळे अमेरिकन नागरिक आणि ओसीआय. म्हणजे एकाच घरात दोन प्रकारची माणसं, आणि जवळजवळ प्रत्येक ऑफिसात दोघांचे नियम वेगळे.

तारखेचं गणित

आपल्याकडे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यात तुम्ही १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात की इन्कम टॅक्सच्या भाषेत रेसिडेंट. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च मोजून बघा, लीप वर्ष नसेल तर बरोबर १८२ भरतात. म्हणून ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर जो उतरतो तो सहसा त्या वर्षापुरता एनआरआयच राहतो. सहसा म्हणतेय कारण दुसरी एक अट आहे, त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या ४ वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील तरी रेसिडेंट धरतात. वर्षाला तीन-चार आठवड्यांची सुट्टी घेऊन येणाऱ्यांचे एवढे दिवस होत नाहीत, पण आईवडिलांच्या आजारपणात वगैरे मोठे मुक्काम झाले असतील तर पासपोर्टवरचे शिक्के बघून मोजाच.

रेसिडेंट झालात तरी लगेच जगभरच्या कमाईवर इथे टॅक्स लागत नाही, मध्ये एक पायरी आहे, तिला आरएनओआर (रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट) म्हणतात. आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं तुम्ही नॉन रेसिडेंट असाल, किंवा आधीच्या ७ वर्षांत मिळून ७२९ दिवस किंवा त्याहून कमी भारतात असाल, तर ही पायरी मिळते, आणि या काळात परदेशातलं व्याज, डिव्हिडंड, घरभाडं यावर भारतात टॅक्स नाही (इथून चालवलेला धंदा असेल तर ते वेगळं). माझी आणि नवऱ्याची तारीख वेगळी पडली म्हणून फरक डोळ्यांसमोर दिसतो: मी मुलांना घेऊन मे २०२३ मध्ये आले, जूनला शाळा सुरू व्हायची होती. तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. माझं आरएनओआर मार्च २०२५ ला संपलं, त्याचं मार्च २०२६ ला. पाच महिन्यांच्या फरकाने अख्खं एक वर्ष जास्त मिळालं. प्रत्येक माणसाचा हिशोब स्वतंत्र असतो, नवरा-बायकोचा एकत्र नाही, हे लक्षात ठेवून ठरवा. अर्थात पाच महिने मुलांनी बाबांना फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलं, ते सोपं नव्हतं, आणि तेवढी बचत होणार नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, सगळे एकत्र या.

आणि जो अमेरिकन नागरिक आहे त्याला अमेरिकेचं रिटर्न इथे राहूनही दरवर्षी भरावंच लागतं, शिवाय बाहेरच्या खात्यांची, म्हणजे त्यांच्या दृष्टीने आपल्या भारतातल्या खात्यांची, बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा वेगळा फॉर्मही.

तिथून निघायच्या आधी

इथे येऊन होत नाहीत किंवा प्रचंड त्रासाने होतात अशी कामं तिथेच संपवा. पहिलं म्हणजे ओसीआय. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याने आधी भारतीय पासपोर्ट सरेंडर करून त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं, त्याशिवाय ओसीआयचा अर्ज पुढे सरकत नाही, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच. अर्ज ऑनलाइन, फी परदेशातून २७५ डॉलर, भारतातून केला तर १५,००० रुपये आणि मग मुंबईच्या एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं ऑफिस) चकरा. लागतं काय, तर सध्याचा पासपोर्ट, तुमचं किंवा आईवडिलांचं भारतीय मूळ दाखवणारा पुरावा (जुना पासपोर्ट सगळ्यात चांगला), सरेंडर सर्टिफिकेट, पत्त्याचा पुरावा, मुलांसाठी जन्मदाखला आणि दोघा पालकांची सही. जोडीदार मूळचा परदेशी असेल तर लग्न रजिस्टर होऊन सलग २ वर्षं झालेली हवीत. ज्यांचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक होते त्यांना ओसीआय मिळत नाही.

कार्ड आधीच असेल तर दर नव्या पासपोर्टला नवं काढायची आता गरज नाही. कार्ड विशीच्या आत काढलेलं असेल तर विशी ओलांडल्यावर निघालेल्या पासपोर्टवर एकदा रिइश्यू, वय २० पर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर आणि पन्नाशीनंतर एकदा फक्त पासपोर्ट आणि फोटो ऑनलाइन अपलोड करायचा, ३ महिन्यांच्या आत, फुकट.

दुसरं, मुलांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र) करून आणा. ज्या राज्याने दाखला दिला त्याच राज्याचं अपोस्टिल लागतं, म्हणजे मुलगा टेक्ससला झाला आणि तुम्ही आता कॅलिफोर्नियात असाल तर टेक्ससलाच पाठवावं लागेल, म्हणून वेळ धरा. अपोस्टिल करारात नसलेल्या देशातून येणाऱ्यांना तिथल्या परराष्ट्र खात्याचं आणि आपल्या दूतावासाचं अटेस्टेशन लागतं. मुलांच्या शाळेकडून मागच्या दोन वर्षांचे रिपोर्ट कार्ड आणि शाळा सोडल्याचं सहीशिक्क्याचं पत्र मागून घ्या, तिथे आपल्यासारखा लिव्हिंग सर्टिफिकेटचा प्रकार नसतो पण इथे ऑफिसमध्ये पहिला प्रश्न तोच. लसीकरणाची नोंदही घ्या.

ग्रीन कार्ड सोडायचं असेल तर आय-४०७ फॉर्म. पण गेल्या १५ वर्षांपैकी ८ वर्षांत ते तुमच्याकडे असेल तर सोडताना एक्झिट टॅक्सचा, म्हणजे निघताना मालमत्तेवर लागणाऱ्या अमेरिकन टॅक्सचा प्रश्न येऊ शकतो, त्यामुळे आठवं वर्ष लागायच्या आधी सल्ला घ्या. माझं ६ वर्षांचं होतं, त्यामुळे सुटले.

तिथली बँक खाती घाईने बंद करू नका. परदेशात असताना कमावलेली मालमत्ता आणि खाती परत आल्यावरही ठेवता येतात, फेमा म्हणजे परकी चलनाच्या कायद्यात तशी मुभा आहे. पण तिथला मोबाइल नंबर चालू ठेवा, सगळे ओटीपी त्यावरच येतात.

इथली बँक

इथे आम्ही चुकलो म्हणून जरा सविस्तर. टॅक्सवाले दिवस मोजतात, फेमा तुमचा हेतू बघतो. कायमचं राहायला, नोकरीला किंवा धंद्याला आलात की फेमाच्या दृष्टीने तुम्ही रेसिडेंट, १८२ दिवस थांबायचं नसतं. आल्या आल्या बँकेला कळवून एनआरई (परदेशातल्या कमाईचं) आणि एनआरओ (भारतातल्या कमाईचं) ही एनआरआय खाती रेसिडेंट करून घ्यायची, किंवा एनआरईतले पैसे डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे परत आलेल्यांसाठीचं परकी चलनाचं खातं उघडायचं. एफसीएनआर ठेव (एनआरआयची परकी चलनातली मुदत ठेव) मुदत संपेपर्यंत तशीच राहू शकते. मी मे महिन्यातच शाखेत गेले होते, समोरच्या माणसाने सांगितलं मॅडम सहा महिने होऊ देत मग बदलू, आणि मी ऐकलं. एनआरई एफडीचं व्याज करमुक्त असतं ते तुम्ही बाहेर असेपर्यंतच, त्यामुळे त्या महिन्यांचं व्याज नंतर सीएकडे बसून वेगळं काढून त्यावर टॅक्स भरावा लागला. तोंडी ऐकू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आरएफसीचं व्याज मात्र आरएनओआर असेपर्यंत करमुक्त असतं, ते खातं खरंच कामाचं आहे. म्युच्युअल फंड आणि डीमॅटचं केवायसीही एनआरआयवरून रेसिडेंट करायचं.

आधार आणि भाड्याचं घर

भारतीय पासपोर्टवाल्याला आधारसाठी थांबावं लागत नाही, २०१९ पासून एनआरआय आल्या आल्या अर्ज करू शकतो. ओसीआयवाल्याला मात्र अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात काढलेले लागतात. आता गंमत अशी नाही पण अडचण अशी की घराचं लिव्ह अँड लायसन्स महाराष्ट्रात रजिस्टर करणं कायद्याने सक्तीचं आहे, ऑनलाइन रजिस्ट्रेशनला आधारवर अंगठा लागतो, आणि बाकी ठिकाणी पत्त्याचा पुरावा म्हणून तेच अॅग्रीमेंट मागतात. आम्ही अॅग्रीमेंट माझ्या नावावर केलं, कारण आधार माझंच होऊ शकत होतं. माझ्या पासपोर्टवर आईच्या नौपाड्यातल्या घराचा पत्ता होता, त्यावर आधी आधार काढलं, मग अॅग्रीमेंट, मग त्या पत्त्यावर आधार अपडेट. घरात कुणाचंच आधार नसेल तर घरमालकाला घेऊन सब रजिस्ट्रारकडे प्रत्यक्ष जाऊन रजिस्टर करता येतं, एजंट नाही म्हणाला तरी येतं.

पॅन असेल तर आधारशी लिंक करा, एनआरआय म्हणून मिळालेली सूट परत आल्यावर संपते. मतदार यादीसाठी मला फॉर्म ६ भरावा लागला. ओसीआयवाल्यांना मत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळाली तर चालते. मुरबाड-कर्जतला फार्महाऊसचे प्लॉट दाखवणारे भेटतील, सातबारा शेतीचा असेल तर ओसीआयच्या नावावर होणार नाही, आणि भारतीय नागरिक असलात तरी महाराष्ट्रात शेतकरी नसाल तर कलेक्टरची परवानगी लागते. जुनं ड्रायव्हिंग लायसन्स संपून वर्षाच्या वर झालं असेल तर आरटीओत पुन्हा ट्रायल द्यावी लागते.

जहाजाने आलेलं सामान

आपलं बंदर न्हावा शेवा. बॅगेज म्हणून सवलत मिळायला सगळ्यात भरवशाची परिस्थिती म्हणजे परदेशात सलग २ वर्षं झालेली आणि त्या दोन वर्षांतल्या भारतातल्या सुट्ट्या मिळून ६ महिन्यांच्या आत. सवलतीची रक्कम बदलत असते, बुकिंगच्या आठवड्यात कस्टम्सच्या साइटवर बघून घ्या. अंगावरच्या दागिन्यांसाठी, वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलेल्या बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम. सामान तुम्ही पोचायच्या आसपास, उशिरात उशिरा महिनाभरात तिथून निघेल असं बघा.

लागतं ते असं: ओरिजिनल पासपोर्ट, जुना रद्द पासपोर्टही, कारण अमेरिकेतून निघताना शिक्का मारत नाहीत आणि तुमच्या सुट्ट्यांचा पुरावा म्हणजे इथल्या इमिग्रेशनचे शिक्के, मग बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), बोर्डिंग पास, आणि पॅकिंग लिस्ट. या लिस्टवर मेहनत घ्या. प्रत्येक खोक्याला नंबर, आत काय, वापरलेलं की नवं, अंदाजे किंमत. आमच्या ४६ खोक्यांपैकी अधिकाऱ्याने तीन नंबर सांगितले, उघडले, १७ नंबरमध्ये लिहिल्याप्रमाणे मुलीची सायकल, दोन गोधड्या आणि पुस्तकं निघाली, आणि पुढचं काम पटकन झालं. आमच्याच दिवशी एक कुटुंब होतं, त्यांच्या लिस्टवर सगळ्या खोक्यांसमोर नुसतं घरगुती सामान असं लिहिलेलं, त्यांची खोकी संध्याकाळपर्यंत एकेक करून उघडत होते. मिक्सर, ओव्हन, व्हॅक्यूम आणूच नका, तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, इथे २३० आणि ५०. मुलांच्या वस्तू आणा, जागा लागली तरी आणा. ती सायकल आली त्या दिवशी माझी लेक इथे आल्यापासून पहिल्यांदा सोसायटीच्या मुलांमध्ये स्वतःहून खाली गेली.

शाळेचं एक राहिलं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे निघायच्या आधी वर्षभर तरी घरी वाचन-लेखन सुरू करा. घरी बोलतात म्हणून येतं असं आम्ही धरून चाललो, पण लेकीला ळ काढायलाच महिना लागला, पाटीवर आजीने हात धरून गिरवून घेतला.

आरोग्य विमा तिथे असतानाच इथला घेऊन ठेवा. आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.

आणि आरएनओआर संपलं की पुढच्या आर्थिक वर्षापासून रिटर्नमध्ये शेड्यूल एफए भरायचं, परदेशातलं प्रत्येक खातं, शेअर, ४०१(के) (नोकरीतलं अमेरिकन रिटायरमेंट खातं) सगळं, कमाई शून्य असली तरी. न दाखवल्यास ब्लॅक मनी कायद्याखाली १० लाखांचा दंड लागू शकतो. ४०१(के) वर दरवर्षी इथे टॅक्स नको असेल तर पैसे काढताना टॅक्स लागावा असा पर्याय अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या रिटायरमेंट खात्यांसाठी आहे, त्याचा फॉर्म रिटर्नच्या मुदतीत भरावा लागतो. माझा भरून झालाय, नवऱ्याचं या वर्षापासून सुरू, त्याची स्टेटमेंटं जानेवारी ते डिसेंबरची लागतात, ती मी आत्ताच डाउनलोड करून ठेवायला बसवलंय त्याला.