स्वसंरक्षणासाठी छोटं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर: शस्त्र परवान्याचा अर्ज कसा करावा

सामान्य नागरिकाला ९ मिमी पिस्तुलाचा परवाना मिळत नाही; तो प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आहे. अंगावर सहज बाळगता येईल अशा शस्त्रांत आपल्याकडे मुख्य पर्याय .३२ बोअरचे. कानपूरला बनणारं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचं, सहा गोळ्यांचं. २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबळ’ ७०० ग्रॅमचं, ७६ मिमी नळीचं. मॅगझिनवालं हवं असेल तर ‘अशनी’ पिस्तूल. .३२ च्या पिस्तुलाचं आणि रिव्हॉल्व्हरचं काडतूस मात्र वेगवेगळं असतं, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. म्हणून शस्त्राचा प्रकार आधी पक्का करा, मग अर्ज भरा.

वय २१ पूर्ण हवं. हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर ती संपल्यापासून पाच वर्षं परवाना मिळत नाही. एका व्यक्तीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात.

नमुना ए-१ मधला अर्ज एनडाल-अलिस या शस्त्र परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर भरायचा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना आयुक्त देतात, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि नमुना एस-३ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यात मानसिक व शारीरिक स्वास्थ्याबरोबरच अर्जदार व्यसनाधीन नाही, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. साध्या ‘फिट’ दाखल्यावर त्रुटी निघते.

सर्वात जास्त वेळ द्यावा तो ‘परवाना कशासाठी’ या रकान्याला. ‘जिवाला धोका आहे’ एवढ्या एका ओळीवर कुणी परवाना देत नाही. धमकी आली असेल तर पोलीस ठाण्यातली तक्रार किंवा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), रोख रकमेची ने-आण असेल तर व्यवसायाची नोंदणी, बँकेचे उतारे आणि भरणा करण्याचा नेहमीचा मार्ग, शेतावरचं एकटं घर असेल तर सातबारा जोडा. चौकशीला आलेल्या पोलिसाला घरात शस्त्र ठेवायची कुलपाची जागा दाखवता आली पाहिजे. जबाबात सांगितलेलं कारण आणि अर्जातलं कारण जुळलं नाही, तर अहवाल प्रतिकूल जातो.

पोलीस अहवालाला ३० दिवसांची मुदत आहे. तो वेळेत आला नाही तरी परवाना अधिकारी त्याची वाट न पाहता निर्णय देऊ शकतात. लेखी स्मरणपत्र जरूर द्या. अहवाल मिळाल्यावर निर्णयासाठी ६० दिवस. मालमत्ता कमी आहे एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही, हे शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्येच आहे. नकार आला तर कारणांची लेखी प्रत मागा आणि ३० दिवसांत अपील करा.

परवाना हाती आला की दिलेल्या मुदतीत अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडूनच खरेदी करायची. नंतर परवाना देणाऱ्या कार्यालयात शस्त्र दाखवून त्याचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्या. पावतीवरचा आणि शस्त्रावर कोरलेला क्रमांक दुकानातच पडताळा, कारण एक आकडा चुकला तरी नोंद अडकते. काडतुसं परवान्यावर छापलेल्या मर्यादेतच मिळतात.

परवाना पाच वर्षांचा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी करा. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडली तर कुणाला लागो न लागो, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.