‘भरती’चा अर्थ: वाचन शिकवण्याच्या पद्धतींची पार्श्वभूमी

माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या वर्गाला मी समुद्रावरचा एक छोटा उतारा वाचायला दिला होता. एक मुलगी उभी राहून घडाघडा वाचत होती. कुठं अडखळणं नाही, जोडाक्षरंही स्वच्छ. ‘भरतीच्या वेळी पाणी किनाऱ्यावर वर चढते’ या वाक्यावर मी तिला थांबवलं. म्हटलं, भरती म्हणजे काय गं? ती लगेच म्हणाली, “सर, आमचा दादा भरतीची तयारी करतोय. रोज पहाटं पळायला जातो.” बाकीच्या मुलांनीही माना डोलावल्या.

सातारा जिल्ह्यात भरती म्हणजे पोलीस नाहीतर मिलिटरी. पहाटे कुठल्याही गावच्या रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात. त्यामुळे तिचं उत्तर खोटं नव्हतं, फक्त त्या वाक्यात बसत नव्हतं. आणि वाचताना मात्र तिची एकही चूक झाली नव्हती. मग तिला वाचता येतं असं म्हणायचं की नाही? हा प्रश्न माझ्या वर्गापुरता नाही. त्याच्यामागे बराच जुना इतिहास आहे.

पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षरं गिरवायचं. आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग पाठांतर. इंग्रजी अमलात छापील पुस्तकं आली, तरी हा क्रम फारसा हलला नाही. अगदी अलीकडेपर्यंत मूल कित्येक महिने बिनकानामात्रेची अक्षरंच शिकायचं आणि ‘घर बघ’, ‘बदक बघ’ एवढीच वाक्यं वाचायचं. घरात ज्या भाषेत ते भांडतं, हट्ट करतं, गोष्टी सांगतं, तिचा त्या वाक्यांत मागमूस नसायचा.

मुलांनी शाळेत नेमकं काय वाचावं, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी फार लवकर विचारला होता. त्यांचं मूळ गाव कटगुण आपल्याच खटाव तालुक्यातलं. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम सुचवला: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही पाठ. ही यादी मी अनेकदा वाचली आहे. त्यात वाचन एकटं उभं नाही, शेती, भूगोल आणि आरोग्य त्याच्या सोबत आहेत. आज ‘ज्ञानाधारित भाषा-अभ्यासक्रम’ हे नाव घेऊन जे मांडलं जातं, म्हणजे भाषा शिकवताना जगाची माहितीही ठरवून द्यायची, त्याचा गाभा मला या यादीत दिसतो. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. तिथल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, श्रम करत आणि शिकत. त्यांच्यासाठी पुस्तक आणि शेत ही दोन वेगळी जगं नव्हती.

वाचन कसं शिकवावं यावरचा अमेरिकेतला वाद मात्र बराच काळ अक्षरांभोवतीच फिरला. अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध सुटा करून शिकवायचा, की मूल गोष्टीत रमलं की वाचन आपोआप येतं? १९६७ साली वाचनाच्या अभ्यासक जीन चॉल यांनी तोवरचं संशोधन तपासलं आणि सुरुवातीला ध्वनी-अक्षर पद्धतशीर शिकवणंच फायद्याचं ठरतं असं दाखवलं. त्याच वर्षी दुसरे अभ्यासक केन गुडमन यांनी वाचन म्हणजे संदर्भावरून केलेला अंदाज आहे, असं मांडलं. अंदाजाची ही कल्पना पुढे अनेक वर्षं तिथल्या वर्गांत टिकली आणि त्याची किंमत कच्च्या वाचकांनी मोजली. २००० साली तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीने पाच गोष्टींवर बोट ठेवलं: ध्वनींची जाण, अक्षर-ध्वनी संबंध, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन.

माझ्या वर्गातल्या प्रसंगाचं उत्तर मात्र याच वादाच्या दुसऱ्या टोकाला सापडतं. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या संशोधकांनी एक साधं सूत्र मांडलं. अक्षरं उलगडण्याची क्षमता आणि ऐकलेल्या भाषेचं आकलन यांचा गुणाकार म्हणजे वाचन. मांडणी गुणाकाराची असल्यामुळे एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येतं. त्यानंतर दोन वर्षांनी रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉल सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे याला वेगळ्या पुराव्याची गरजच नाही. ‘त्यानं पट काढायचा प्रयत्न केला, पण समोरच्यानं ढाक लावून त्याला चितपट केलं’, हे वाक्य तालमीत जाणाऱ्या सांगलीच्या पोराला एका झटक्यात दिसतं. ज्यानं कुस्ती कधी पाहिलीच नाही, त्याला प्रत्येक शब्द वाचता येईल, पण डोळ्यांपुढे काहीच येणार नाही.

ई. डी. हर्श हे प्राध्यापकही याच वाटेनं गेले. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात त्यांना असे विद्यार्थी भेटले, जे मैत्रीवरचा उतारा सहज समजून घ्यायचे, पण त्यांच्याच देशातल्या यादवी युद्धातले दोन सेनापती ग्रँट आणि ली यांच्यावरच्या उताऱ्यात अडकायचे. साताऱ्याच्या मुलाला प्रतापगड माहीत नसावा, तसंच हे. त्यातून हर्श यांनी इयत्तावार ज्ञानाचा क्रम ठरवून देणारा अभ्यासक्रम उभा केला. त्यावर टीका झाली: हे ज्ञान कुणाचं, आणि ते ठरवणार कोण? मला ही टीका रास्त वाटते, पण ती ज्ञान शिकवण्याच्या विरोधात जात नाही. फुल्यांच्या यादीत शेती होती, ती याच प्रश्नाचं उत्तर म्हणून होती असं मी मानतो.

मराठीची स्वतःची अडचणही इथं समजून घ्यायला हवी, नाहीतर इंग्रजीसाठी तयार झालेली पद्धत आपण जशीच्या तशी उचलू. आपल्याकडे अक्षर म्हणजे एक सुटा ध्वनी नव्हे, त्यात स्वर मिसळलेला असतो. ‘किरण’मध्ये पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढतात, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘र’ तर वेश बदलत राहतो: सूर्य, ग्रह, ट्रक, दऱ्या. चहातला ‘च’ आणि चाकातला ‘च’ दिसायला एकच, पण उच्चार वेगळे. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या कामातून दिसलं, की अशा लिपीत सगळी अक्षरं पक्की व्हायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून कानामात्रा आणि वेलांट्यांसाठी दुसरीची वाट बघणं परवडत नाही.

या बाबतीत सातारा जिल्ह्यात फार मोलाचं काम झालं. फलटणला बोलीभाषेच्या अभ्यासासाठी आलेल्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन इथंच राहिल्या आणि भारतीय नागरिक झाल्या. शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना शिकवता शिकवता त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली, आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू झालं. तिथल्या पद्धतीत मुळाक्षरांचा परंपरागत क्रम बाजूला ठेवून अक्षरांचे छोटे गट घेतले आणि कानामात्रा लवकर आणल्या. क, म, न, र, ल आणि सोबत फक्त काना घेतला तरी बघा: मका, रान, कान, नाक, काका, मामा, कमान. पहिल्या काही आठवड्यांतच मुलाच्या हातात त्याच्या ओळखीचे शब्द पडतात, आणि गोष्टी-गप्पा बाजूला चालूच राहतात. पुढे महाराष्ट्र आणि कर्नाटकात पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षं पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास झाला. त्यातही दिसलं, की वर्गातला बहुतेक वेळ अक्षरांवरच जातो, तरीही बरीच मुलं मागे राहतात आणि अर्थाकडे तर कुणी वळतच नाही.

सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या भागातल्या शाळांच्या गटानं, रचनावादी (मूल स्वतः करून, अनुभवातून शिकतं असे) वर्ग उभे केले आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. २०१५ मध्ये राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला, ५ जुलै २०२१ ला केंद्राचं ‘निपुण भारत’. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असं निपुणचं ध्येय आहे. प्रत्यक्षात ‘अर्थ समजून’ हे दोन शब्द बैठकीत मागे पडतात आणि चर्चा फक्त अक्षरं वाचणारी मुलं किती, शब्द वाचणारी किती, एवढ्यावर येऊन थांबते. मोजायला सोपं ते मोजलं जातं.

म्हणून पूरक साहित्य निवडताना मी आता आधी दोन गोष्टी बघतो. पहिली, अक्षरं कुठल्या क्रमानं येतात आणि कानामात्रा किती लवकर येतात. दुसरी, आणि हिच्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो, एका विषयावर वर्ग किती दिवस टिकतो. आज फुलपाखरू, उद्या रेल्वे, परवा प्रामाणिकपणा, असे सुटे पाठ कितीही सुंदर असले तरी एकातला शब्द दुसऱ्याच्या कामी येत नाही. पाण्यावर तीन आठवडे राहिलं, तर विहीर, बंधारा, कोयना, नदी, खाडी, समुद्र हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात आणि मुलाच्या बोलण्यात उतरतात. यातला बराच भाग शिक्षकानं मोठ्यानं वाचून दाखवायचा असतो, कारण या वयात मूल स्वतः वाचतं त्यापेक्षा ऐकून कितीतरी जास्त समजतं. परिसर अभ्यासाचा तास कमी करून भाषेचा सराव वाढवणं हा म्हणूनच तोट्याचा व्यवहार आहे.

भरतीच्या त्या उताऱ्यानंतर आम्ही असेच तीन आठवडे पाण्यावर काढले. धरण, चंद्र, होडी, बंदर. माणच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता, पण जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी मुंबईला होतं. शेवटच्या आठवड्यात एका मुलानं हात वर केला. त्याचे चुलते मुंबईत माथाडी, त्यांना त्यानं रात्री फोन लावला होता. “सर, काका म्हणाले, भरतीला हाजी अलीचा रस्ता पाण्याखाली जातो. ओहोटी लागली की मगच चालत जायचं.” ती मुलगी मागं वळून त्याला म्हणाली, “मग तिथं रोज दोनदा थांबावं लागत असंल.”