चाप किती हलका असावा?

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं विदर्भातली शिकार संपली, पण बंदुका संपल्या नाहीत. पीक रक्षणाच्या परवान्यावरची एखादी भरमार (नळीच्या तोंडातून दारू भरायची जुनी बंदूक), एखादी बाराबोअर (छऱ्यांची बंदूक), क्वचित रायफल अजूनही गावागावांत सापडते. हरभऱ्यात रानडुकरं आणि रोही (नीलगायी) शिरू लागले की वनखात्याची परवानगी असलेला माणूस बंदूक घेऊन जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला जातो. मग शेकोटीपाशी एक तक्रार हमखास निघते: “चाप लय जड हाये, हलका करून भेटते काय?” परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ मोबाईलवर पाहून झालेले असतात. तिकडे रायफलीचा मूळ चाप काढून टिमनी, ट्रिगरटेक अशा कंपन्यांचा तयार चाप बसवणं ही नेहमीची गोष्ट आहे. चर्चा मात्र बहुतेक एकाच आकड्याची होते, ओढीच्या वजनाची.

तो आकडा बिनकामाचा नाही. साडेतीन किलोच्या रायफलीचा चाप ओढायला तीन किलोचा जोर लागत असेल, तर बोट जरा तिरपं पडलं की नळी हललीच. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण मीटरभर अंतर असतं. ते टोक 1 मिलिमीटर सरकलं, तर 100 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर बाजूला जाते.

पण नेम बिघडवण्यात वजनापेक्षा मोठा हात घर्षणाचा असतो. स्प्रिंगच्या ताणाखाली असलेली आघातपिन एका छोट्या पोलादी खाचेवर अडून बसलेली असते, दाराची कडी कोयंड्यात अडकावी तशी. या अडणीला सिअर म्हणतात. चाप ओढला की दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरतात, पकड सुटते आणि पिन काडतुसावर आदळते. स्थिर वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा कमी जोरात ती पुढे घसरत राहते. पृष्ठभाग खडबडीत असले तर चाप थोडा सरकतो, अडतो, पुन्हा सरकतो. गोळी नेमकी कधी सुटणार हे बोटाला कळत नाही. चांगल्या चापात खाच घासून आरशासारखी केलेली असते. ट्रिगरटेकनं तर मध्ये एक बारीक रोलर घालून घसरणंच टाळलं आहे.

हे घरी तपासता येतं. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, मग दुसऱ्यांदा करा, नळी सुरक्षित दिशेला धरा आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा ताणकाटा चापाच्या मध्यावर अडकवून सावकाश ओढा. एकदा दीड किलोला सुटला, पुढच्या वेळी दोनला, नंतर पुन्हा पावणेदोनला, तर तो चाप वाईट. दर वेळी दीडच्या आसपास सुटणारा चाप माझ्या मते कधी 800 ग्रॅमला, कधी 1200 ला सुटणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा.

आता फार हलक्या चापाचा धोका. रायफल हातातून निसटून दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवतो त्या मागच्या टोकावर पडली, तर दस्ता जमिनीला टेकून थांबतो, पण चापाचा तुकडा जडत्वामुळे मागेच जाऊ पाहतो. मागे म्हणजे बोटानं ओढतो त्याच दिशेला! 1 मीटरवरून पडलेली वस्तू 1 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे शंभरपट झटका बसतो. चापाचा तुकडा 10 ग्रॅमचा धरला, तरी त्या क्षणी त्याची ओढ जवळपास 1 किलोच्या वजनाएवढी होते. 300 ग्रॅमला सुटणाऱ्या चापाचं काय होईल, हिशेब तुम्हीच करा. 3 मीटर उंच मचाणावरून उन्हाळ्यातल्या टणक वावरात पडली तर झटका तिप्पट. पावसाळ्यातल्या चिखलात दस्ता रुततो, म्हणून तो बराच कमी होतो. चापाचा तुकडा हलक्या धातूचा करण्यामागे हेही एक कारण असतं.

नेमबाजीच्या मैदानावर गोष्ट वेगळी. 10 मीटर एअर रायफलला ओढीची किमान मर्यादाच नाही, एअर पिस्तुलाला 500 ग्रॅम आहे. पण तिथे दिवे लखलखीत असतात आणि बंदूक खांद्यावर टाकून कुणी शेताचे धुरे ओलांडत नाही. शिकारीच्या रायफलींना साधारण 1 ते पावणेदोन किलोची ओढ ठेवतात. डिसेंबरच्या रात्री बोटं बधिर होतात, घोंगडीची दशी चापात अडकू शकते. त्यामुळे आपल्याकडच्या जागलीला मी दीडच्या खाली जाणार नाही.

उन्हानं लोखंड फुगून चाप हलका होतो, असंही ऐकू येतं. 2 सेंटिमीटरचा पोलादी तुकडा 30 अंशांनी तापला तर जेमतेम 7 हजारांश मिलिमीटर वाढतो, आणि खाचेची पकड साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. उन्हाला दोष देण्यात अर्थ नाही. खरा त्रास काळ्या मातीच्या धुळीचा आणि तेलाचा. दोन्ही मिळून खाचेवर लुकण बसतं, मग चाप पुरता परत येत नाही. एवढ्याशा जागेत काहीही साचलं तर काय होतं ते 2014 मध्ये दिसलं. रेमिंग्टननं मॉडेल 700 रायफलींचे एक्स-मार्क प्रो चाप परत बोलावले, कारण जुळणीत चिकट पदार्थ जादा लागल्यानं बंदूक आपोआप उडण्याची शक्यता होती. म्हणून चापाच्या पेटीत तेलाची धार सोडू नका. आणि आतल्या स्क्रूला स्वतः हात लावू नका. बंदूक दुरुस्तीला शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, तो असलेल्या कारागिराकडेच ती न्या आणि काम झाल्यावर ताणकाटा त्याच्यासमोरच लावून बघा.