तोसिनो, तापा आणि लाँगानिसा

फिलिपीन्समध्ये न्याहारीला भाताबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या खारवलेल्या किंवा मुरवलेल्या मांसाचे हे तीन प्रमुख प्रकार आहेत. तोसिनो म्हणजे मीठ-साखरेत मुरवलेले, बहुधा डुकराच्या मांसाचे पातळ काप. तापा हे बहुधा गोमांस. ते लसूण, सोया सॉस आणि कालामान्सी या छोट्या आंबट लिंबाच्या रसात मुरवतात. पूर्वी ते उन्हात सुकवीत. लाँगानिसा म्हणजे मसाला लावून आतड्यात भरलेले मांस. तिन्ही पदार्थ बाजारात तयार मिळतात, तरी घरी करण्याची चाल टिकून आहे.

तीनपैकी दोन नावांचे मूळ बरेचसे स्पष्ट आहे. लाँगानिसा हा शब्द स्पॅनिशमधून आला. त्यामागे लॅटिनमधील ‘लुकानिका’ आहे आणि त्यामागे दक्षिण इटलीतील लुकानिया हा प्रदेश. रोमन सैनिक हा प्रकार लुकानियातील लोकांकडून शिकले, असे इ.स.पू. पहिल्या शतकातील व्हारो या पंडिताने नोंदवले आहे. तोसिनो हा शब्दही स्पॅनिश आहे. तो लॅटिनमधील ‘तुक्केतुम’शी आणि त्याद्वारे गॉल (प्राचीन फ्रान्सच्या भागातील) लोकांच्या भाषेशी जोडला जातो. मात्र स्पेनमध्ये त्याचा अर्थ खारवलेली डुकराची चरबी असा आहे, साखर घातलेले मांस नव्हे. शब्द समुद्र ओलांडून आला आणि वस्तू बदलली.

तापा या नावाविषयी मतभेद आहेत. ते स्पॅनिश ‘तापा’ (मूळ अर्थ झाकण) या शब्दावरून आले, असे सर्रास सांगितले जाते. मराठी वाचकाला ‘ताप’ (उष्णता) हा संस्कृत शब्द आठवणेही साहजिक आहे. तागालोग या फिलिपीन्समधील प्रमुख भाषेत ‘मुखा’ (चेहरा) आणि ‘गुरो’ (शिक्षक) असे संस्कृतमूलक शब्द आहेतच. पण केवळ ध्वनिसाम्यावरून या खाद्यपदार्थाचे नाव त्यांच्या पंक्तीत बसवणे धाडसाचे ठरेल. तुलनात्मक भाषाशास्त्राने मलायो-पॉलिनेशियन (तागालोग ज्या कुळातली आहे त्या) मूळ भाषेसाठी ‘धुरावर टिकवलेले मांस वा मासा’ अशा अर्थाचा ‘तापा’ हा शब्द पुनर्रचित केला आहे. अर्थ आणि भूगोल दोन्ही जुळत असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असेल तर मांस सुकवण्याची रीत स्पॅनिश सत्तेच्या (१५६५ पासून) आधीची ठरते. स्पॅनिशांकडून आले ते आतडे भरण्याचे तंत्र. गडद केशरी रंग देणाऱ्या ‘आचुएते’ या बियांचे नाव मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतून आले आहे. फिलिपीन्स आणि मेक्सिको यांना जोडणाऱ्या मनिला-आकापुल्को जहाजमार्गाची (१५६५–१८१५) ही खूण.

मांस टिकण्याची कारणे पदार्थागणिक वेगळी आहेत. मीठ आणि साखर मांसातील पाणी जिवाणूंना मिळू देत नाहीत. व्हिनेगर आम्लता वाढवते. उन्हाने ओल जाते. पंपांगा प्रांतात रेड्याचे मांस आंबवून ‘पिंदांग दामुलाग’ करतात. त्याचा आंबटपणा बाहेरून घातलेल्या आम्लाचा नसून लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा असतो. तोसिनोला या पिंदांगचाच गोड वारस मानण्याकडे पंपांगातील जाणकारांचा कल आहे. डुकराच्या मांसाच्या गोड तोसिनोचा व्यापारी प्रसार १९६० च्या दशकात लोलिता हिझोन यांच्यापासून सुरू झाला, असे सामान्यतः मानले जाते.

मांस टिकवायला आणि लाल ठेवायला पूर्वी सोरा (फिलिपीन्समध्ये ‘सालित्रे’) वापरत. आता त्याऐवजी ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असलेले, मांस खारवण्याचे खास गुलाबी मीठ (खाण्याचे सैंधव नव्हे) वापरले जाते. एक किलो मांसाला ते २.५ ग्रॅम घातल्यास सुमारे १५६ मिलिग्रॅम नायट्राइट पडते. हे प्रमाण अंदाजाने घेऊ नये, काट्यावर तोलावे. जास्त नायट्राइट विषारी असते. योग्य प्रमाणातले नायट्राइट मांसातील मायोग्लोबिन या रंगद्रव्याला गुलाबी ठेवते आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला रोखते. हा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो, म्हणून भरलेल्या आतड्यात त्याचा धोका अधिक असतो. घरगुती कृतींत बहुधा नायट्राइट नसते. लाली आचुएते किंवा खाद्यरंगाची असते. असे मांस लाल दिसले तरी टिकाऊ नसते. ते केवळ मुरवलेले असते आणि शीतकपाटावरच अवलंबून असते. ४ अंश सेल्सियसखाली एक ते तीन दिवस मुरवून ते लगेच शिजवावे किंवा गोठवावे. अननसाचा रस घातल्यास मुरवण्याची वेळ कमी करावी. त्यातील ब्रोमेलेन या प्रथिने विरघळवणाऱ्या विकरामुळे मांसाचा लगदा होतो.

तोसिनो आणि लाँगानिसा एकाच रीतीने शिजवतात. तव्यात थोडे पाणी घालून मांस शिजवायचे आणि पाणी आटले की सुटलेल्या चरबीतच ते परतायचे. साखर लवकर करपते, म्हणून आच मंद लागते. आतडे मिळत नसेल तेव्हा सारण कागदात वळून थंड करतात.

लाँगानिसाचे दोन ढोबळ वर्ग मानतात: गोड ‘हामोनादो’ आणि लसणीचा, आंबटसर ‘दे रेकादो’. विगानची लाँगानिसा इलोकोसच्या तिखट लसणीमुळे आणि उसाच्या व्हिनेगरमुळे ओळखू येते, तर लुकबानची ओरेगानोमुळे. काबानातुआनमध्ये गोमांसाची लाँगानिसा होते.

ताटात ‘सिनांगाग’ म्हणजे शिळ्या भाताचा लसूण घालून परतलेला भात आणि ‘इत्लोग’ म्हणजे अंडे असते. या दोन शब्दांच्या तुकड्यांपासून ‘सिलोग’ झाले आणि त्यावरून तापसिलोग, तोसिलोग, लाँगसिलोग ही नावे आली. तापसिलोग हे नाव १९८० च्या दशकात मारिकिना येथील एका खानावळीतून रूढ झाले, असे म्हणतात. सोबत तिखट व्हिनेगर आणि कच्च्या पपईची ‘आत्सारा’ वाढतात. हा शब्द आपल्या ‘अचार’चाच भाऊ, मलायमार्गे तिकडे गेलेला.

गोव्यातील चोरीस हे लाँगानिसाचे चुलत भावंड म्हणता येईल. मूळ तंत्र आयबेरियन (स्पेन-पोर्तुगालचे), पण एक पोर्तुगीजांबरोबर आले आणि दुसरे स्पॅनिशांबरोबर. दोन्हीकडे वाइनच्या व्हिनेगरची जागा स्थानिक व्हिनेगरने घेतली: गोव्यात माडाच्या ताडीचे, फिलिपीन्समध्ये नारळ, निपा ताड किंवा उसाचे.