समुद्राचा ‘बे’ आणि शिकारी कुत्र्यांचा ‘बे’

एका इंग्रजी शिकारकथेच्या अनुवादाचा मसुदा तपासताना ‘दमलेले हरीण अखेर खाडीपाशी येऊन उभे राहिले’ असे वाक्य परवा समोर आले. कथा घडते डोंगराळ रानात, जिथून समुद्र कित्येक मैल दूर आहे. मूळ वाक्यात फक्त ‘ॲट बे’ असे होते. याच दोन शब्दांवर आजवर इतकी लाल शाई खर्ची पडली आहे की हा घोळ एकदाचा निस्तरावा असे वाटले.

भूगोलातला ‘बे’ सर्वांच्या परिचयाचा आहे. बंगालचा उपसागर शाळकरी मुलालाही नकाशावर दाखवता येतो. हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि पोर्तुगीज ‘बाईआ’ हा त्याचाच भाऊबंद. (‘बॉम बाईआ’, म्हणजे चांगला उपसागर, यावरून ‘बॉम्बे’ झाले ही व्युत्पत्ती मात्र कृपा करून पुढे पाठवू नये. ‘बाईआ’ स्त्रीलिंगी असल्याने पोर्तुगीज माणूस ‘बोआ बाईआ’ म्हणेल.)

दुसरा ‘बे’ हा आवाज आहे. साध्या भुंकण्याला इंग्रजीत ‘बार्क’ म्हणतात आणि तो तिथला अस्सल जुना शब्द आहे; ‘बे’ मात्र भुंकणे याच अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदावरून आला. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन सरदारांचा अंमल बसला, शिकार हा त्यांचा शौक होता आणि त्यामुळे शिकारीच्या परिभाषेत फ्रेंच शब्दांचा भरणा झाला. ब्लडहाउंडसारखा कुत्रा वासाचा माग लागताच खोल, लांबवलेला, घुमणारा सूर काढतो, आणि त्या सुरावरून मागे राहिलेल्या शिकाऱ्याला दिशा कळते. मराठीत याला नेमका एक शब्द नाही. केकाटते ते मार खाल्लेले कुत्रे आणि रडते ते रात्री गळा काढणारे, म्हणून मी ‘हेल काढून भुंकणे’ असे लिहितो. ‘विव्हळणे’ मला अजिबात मान्य नाही, कारण त्या सुरात वेदना नसून उत्साह असतो.

खरी ठेच लागते ती पुढे. पळून पळून थकलेले नर हरीण कड्याला पाठ लावते आणि शिंगे रोखून कुत्र्यांकडे तोंड करते. कुत्रे भोवती कडे करून भुंकत राहतात, पण शिंगांच्या धाकाने झेप घेत नाहीत. हरणाला पळता येत नाही आणि कुत्र्यांना पुढे सरकता येत नाही. या एकाच दृश्याकडे इंग्रजी भाषा दोन्ही बाजूंनी पाहते. हरणाच्या बाजूने पाहिले तर ते ‘ॲट बे’ आहे, म्हणजे कोंडीत सापडून उलटलेले आहे. आणि त्याच हरणाने कुत्र्यांना ‘ॲट बे’ ठेवले आहे, म्हणजे थोपवून धरले आहे. म्हणूनच ‘कीप ॲट बे’ दिसले की ज्याला ठेवले आहे तो हल्लेखोर समजावा, मग तो रोग असो, सावकार असो वा थंडी. आणि नुसते ‘ॲट बे’ उभे असलेले कोणी दिसले तर तो घेरला गेलेला असतो. रोगांना ‘कोंडीत पकडणारी’ आरोग्यविषयक सदरे हा भेद विसरतात. तिथे ‘दूर ठेवणे’ पुरेसे आहे.

‘बे विंडो’तला, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या खिडकीतला, ‘बे’ उघड्या जबड्याच्या अर्थाचा, घोड्याच्या रंगाचा ‘बे’ तांबूस तपकिरी या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा. त्यांच्यामुळे सहसा कोणी फसत नाही. ‘बे लीफ’ मात्र आपले तमालपत्र नव्हे. तमालपत्रावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात, तर युरोपीय पानाला मधली एकच.

मसुद्यातले ते वाक्य मी शेवटी असे केले: ‘दमलेले हरीण अखेर कड्याला पाठ लावून कुत्र्यांवर उलटले.’ अनुवादकाने समासात विचारले आहे की खाडी का गाळली.