न बुडालेल्या दिव्यात पाणी

खान्देशात तापीकाठच्या सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत लोक घोडे बघायला जातात. मी दरवर्षी लोखंड आणि विजेच्या सामानाच्या पालांमध्ये रेंगाळतो. मागच्या यात्रेत तिथे बारा व्होल्टवर चालणारे एलईडी फोकस ढिगाने मांडले होते. खोक्यावर पाण्याचे शिंतोडे उडालेलं चित्र, खाली ‘वॉटरप्रूफ’, आणि त्याखाली ‘50,000 तास’. मी दोन घेतले. एक आप्पांसाठी, एक माझ्यासाठी.

आप्पा तापीच्या बॅरेजच्या पाण्यात जाळी टाकतात. रात्री होडीच्या टोकाला फोकस लावून निघतात, पहाटे जाळी उचलतात. बॅटरी ट्रॅक्टरमधून काढलेली, जुनी. या यात्रेच्या आधीच्या दोन वर्षांत त्यांचे चार फोकस गेले होते. चौथा त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, “भाऊ, दिवा पानीमा पडना नही, मंग मझार पानी कथाईन ऊनं?” म्हणजे, दिवा पाण्यात पडलाच नाही, मग आत पाणी आलं कुठून?

काचेच्या आत खरंच थेंब जमले होते. आणि दिवा एकदाही नदीत पडला नव्हता.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की दिवे, तारा, पत्रे खाणारी हवा कोकणातली. खान्देश कोरडा, उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जाणारा, आणि तापीचं पाणी गोडं. मग गंज कुठून येणार? खारं पाणी गंजाचा वेग वाढवतं, हे खरंच. पण दिव्याच्या आत पाणी शिरण्याशी खारटपणाचा काही संबंध नाही. तिथे प्रश्न तापमानातल्या फरकाचा आहे, आणि त्या बाबतीत आपण कोकणाच्या पुढे आहोत. डिसेंबरात दुपारी तीस अंश आणि पहाटे नदीवर दहा-बारा, धुकं वेगळंच.

एलईडी थंड असतो हाही असाच एक गैरसमज. त्याच्या प्रकाशात ऊब नसते, कारण तापलेल्या तारेच्या बल्बसारखा तो अवरक्त किरणांचा मारा करत नाही. पण स्वस्त फोकसला दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून जास्त उष्णताच होते, आणि ती मागच्या बाजूने निघते. म्हणून तर पाठीवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. तासभर जळलेल्या फोकसच्या पाठीला हात लावून बघा.

आता माझा आवडता भाग. थोडं गणित आहे, पण शाळेतलंच.

फोकसच्या डब्यात समजा 200 मिलिलिटर हवा आहे. संध्याकाळी तिचं तापमान 15 अंश सेल्सिअस, म्हणजे 288 केल्विन. दिवा लावला, आतली हवा 50 अंशांवर, म्हणजे 323 केल्विनवर गेली. चार्ल्सच्या नियमाने ही हवा बारा टक्क्यांनी फुगायला हवी. डबा तर फुगत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. काचेभोवतीच्या रबरातून, स्क्रूच्या भोकांतून, तार जिथे आत जाते तिथून ती जास्तीची हवा हळूहळू बाहेर निसटते. या फटी डोळ्यांना दिसत नाहीत, पण रात्रभरात चोवीस-पंचवीस मिलिलिटर हवा जायला त्या पुरतात.

पहाटे आप्पा दिवा बंद करतात. डबा झपाट्याने थंड होतो, कारण थंड होण्यासाठीच तो घडवलेला आहे. आत उरलेली हवा आकसते आणि दाब बाहेरच्यापेक्षा जवळजवळ अकरा टक्क्यांनी कमी होतो. हा फरक सुमारे 1.1 मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका आहे. म्हणजे होडीच्या टोकाला कोरडा टांगलेला दिवा पहाटेच्या त्या काही मिनिटांपुरता, दाबाच्या हिशेबाने, मीटरभर पाण्याखाली बुडालेला असतो. त्याच वेळी रबराच्या कडेवर दव साचलेलं असतं किंवा वल्ह्याचं पाणी उडालेलं असतं. दिवा श्वास आत घेतो आणि फटीवरचं पाणी सरळ आत ओढतो.

पुढची रात्र. आत एखादा थेंब आहे, आणि गोष्ट इथे बिघडते. शाळेत पत्र्याच्या डब्यात थोडं पाणी उकळून, झाकण घट्ट लावून, वरून गार पाणी ओतायचा प्रयोग बघितला असेल. डबा चेपतो, कारण वाफेने हवेला बाहेर हाकललेलं असतं आणि मग वाफेचंच पाणी होऊन जातं. आपल्या फोकसमध्ये पाणी उकळत नाही, पण 50 अंशांना वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण बारा टक्के असतो. ही वाफ आणखी हवा बाहेर ढकलते. गार होताना वाफेचं पाणी होतं आणि पोकळी पहिल्या रात्रीपेक्षा मोठी उरते. हिशेब केला तर ओढ 1.1 मीटरवरून दोन मीटरच्या आसपास जाते. कोरड्या दिव्यापेक्षा ओला दिवा जास्त जोराने पाणी पितो!

मग हे पाणी वाफ होऊन निघून का जात नाही? जातं, पण किती? रात्रभरात बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर फार तर चार मिलिग्रॅम. पाण्याचा एक थेंब साधारण 50 मिलिग्रॅमचा. आत येताना पाणी द्रव असतं, एका दमात थेंब येतो. जाताना ते वाफ असतं, आणि तोच थेंब बाहेर घालवायला बारा-तेरा रात्री लागतात. येण्याची वाट रुंद आणि जाण्याची अरुंद, म्हणून पाणी साठत जातं. हे आकडे ढोबळ आहेत, डब्याच्या आकाराने बदलतील, पण ताळेबंद असाच राहील.

अशा खोक्यांवर ‘आयपी 67’ असंही लिहिलेलं असतं. धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो, त्याचा हा दर्जा. यातला 6 धुळीसाठी, 7 पाण्यासाठी. सातचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवूनही घातक ठरेल इतकं पाणी आत गेलं नाही. पण या सर्वसाधारण मानकाच्या बुडवण्याच्या चाचणीत वस्तू आणि पाणी यांच्या तापमानात 5 अंशांहून जास्त फरक ठेवत नाहीत. तापलेला दिवा गार होताना काय करतो, हे त्यात कळतच नाही. दिव्यांसाठी वेगळं मानक आहे, त्यात दिवा आधी पेटवून तापवतात. यात्रेतल्या खोक्यावर यापैकी कोणती चाचणी झाली, किंवा झाली तरी का, ते छापलेलं नसतं. ‘50,000 तास’ या आकड्याचंही तसंच. त्या चाचण्या एलईडीच्या कणीच्या, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाश देणाऱ्या चिपच्या असतात, कोरड्या आणि नियंत्रित हवेत, आणि बहुतेकदा काही हजार तासांच्या. पुढचा आकडा गणिताने वाढवलेला असतो. कणी तेवढी टिकेलही. निळ्या एलईडीसाठी 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल दिलं ते उगाच नाही. पण आप्पांच्या चौथ्या दिव्यात मेलेली गोष्ट कणी नव्हती.

मी तो खोलला. आत पट्टीवर एलईडी तीन-तीनच्या गटांत होते. एका एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, म्हणून बारा व्होल्टवर तीन एकापुढे एक जोडतात आणि उरलेले व्होल्ट रोधावर (रेझिस्टरवर) सोडतात. त्यामुळे एक सांधा तुटला की तिन्ही जातात. होडीवरच्या पट्ट्यांत नेहमी तीनच दिवे एकदम का विझतात, त्याचं उत्तर हे. तारेच्या जोडाशी धन बाजूला हिरवी भुकटी होती, ऋण बाजू जवळपास स्वच्छ. पाण्यातून एकदिश प्रवाह गेला की धन बाजूचं तांबं विरघळतं आणि आयन होऊन ऋण बाजूकडे निघतं. शाळेतलं विद्युत विलेपनच, फक्त नको तिथे. कधी कधी ते तांबं पलीकडून झाडाच्या फांदीसारखं वाढत येतं आणि पट्टीवरच्या तांब्याच्या दोन रेघा जोडून टाकतं. निव्वळ दव विजेचं तसं वाईट वाहक, पण डाग देताना (सोल्डर करताना) लावलेल्या फ्लक्सचा राहिलेला अंश त्यात विरघळला की पुरे.

तारही सोलून पाहिली. बोटभर आतपर्यंत काळी पडलेली. बारीक तारांच्या पेडांमधून पाणी वातीतल्या तेलासारखं चढतं, आणि दिव्याची ओढ त्याला मदत करते. कल्हई केलेली तार घेतली तर ती एवढ्या लवकर काळी पडत नाही, पण वात ती वातच.

आप्पांच्या घरी या दिव्यांचं दुसरं स्पष्टीकरण होतं. चारपैकी तीन अमावास्येच्या आसपास गेले, म्हणजे कुणाची तरी नजर. म्हणून चौथ्याच्या कडीला लिंबू-मिरची बांधली होती. अमावास्येचं निरीक्षण मला खोटं वाटत नाही. पौर्णिमेच्या आगेमागे चांदण्यात त्यांना दिवा तासभरच लागतो, अंधाऱ्या रात्रींना पूर्ण रात्र. दिवा जास्त वेळ तापलेला राहतो, जास्त हवा सोडतो, जास्त ओढतो, आणि भिजलेल्या पट्टीवर वीजही जास्त वेळ वाहते. लिंबाचं म्हणाल तर त्यात खिळा आणि तांब्याची तार खुपसून घट तयार करतात, म्हणजे त्याचा रस विजेला वाट देतो आणि धातू खातो. तो नेमका तारेच्या जोडावर ठिबकत होता. नजर लागली असेल तर त्या लिंबाचीच.

मग करायचं काय? बहुतेक जण सिलिकॉनची नळी आणून सगळ्या फटी बुजवतात. स्वस्त सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, आणि ते तांब्याला खातं. बिनवासाचं, न्यूट्रल प्रकारचं घ्यावं लागतं. पण हाताने सगळ्या फटी बुजत नाहीत, एखादी राहते, आणि मग सगळी ओढ त्या एकाच फटीवर येते. चांगल्या दिव्यांत म्हणून टेफ्लॉनच्या सच्छिद्र पडद्याची छोटी खिडकी असते. हवा आणि वाफ तिच्यातून जाते-येते, पाण्याचा थेंब नाही. आपल्या यात्रेतल्या फोकसला ती खिडकी नाही. तिची गरिबाघरची नक्कल म्हणजे डब्याच्या सर्वांत खालच्या कडेला दीड-दोन मिलिमीटरचं भोक. दाब साठत नाही, आणि आत साठलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. आणखी एक, तार दिव्यात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे थेंब झोळातून टपकतात.

“वॉटरप्रूफ दिव्याला भोक?” आप्पा हसले. वादात न पडता आम्ही यात्रेतले दोन्ही फोकस त्यांच्याच होडीवर लावले. डावा दुकानातून आला तसा, उजव्याला खालून भोक. दोन दिव्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. संक्रांतीच्या आधी डाव्याच्या काचेत धुकं दिसायला लागलं, शिवरात्रीला त्यातले तीन एलईडी एकदम गेले. उजव्याची काच होळीपर्यंत स्वच्छ होती. फक्त प्रकाशात मधोमध एक सावली पडायला लागली, म्हणून खोलून पाहिला. भोकातून कोळी आत शिरून जाळं विणून बसला होता. भोकावर मच्छरदाणीचा तुकडा चिकटवायचा राहून गेला होता.