मूळपेशींचे इंजेक्शन आणि न भरणारी जखम

"मूळपेशींचे एक इंजेक्शन घ्या, कितीही जुनी जखम वण न राहता भरते," असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. मूळपेशी म्हणजे स्वतः वाढत राहून नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी. संदेशात तथ्याचा अंश आहे, हे आधी मान्य करायला हवे. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाच्याच त्वचेचा टपाल तिकिटाएवढा तुकडा घेऊन, त्यातील पेशी (त्यांत त्वचेच्या मूळपेशीही आल्या) प्रयोगशाळेत साधारण ३ आठवडे वाढवून तयार केलेले पापुद्रे जखमेवर लावण्याची पद्धत १९८० च्या दशकापासून वापरात आहे. मात्र हे पापुद्रे जेमतेम काही पेशींच्या जाडीचे असतात, त्यांना सहज फोड येतात, त्यांत ना घामाच्या ग्रंथी असतात ना केस, आणि वण तर राहतोच.

मधुमेही पायाच्या जखमेवर दुसऱ्याच्या पेशी लावल्या, तरी त्या तिथे कायमच्या रुजत नाहीत. काही काळ वाढीला चालना देणारी द्रव्ये स्रवतात, इतकेच. मृत ऊती काढल्या नाहीत, रक्तपुरवठा तोकडा राहिला किंवा त्याच जखमेवर भार पडत राहिला, तर तेवढाही लाभ मिळणे कठीण.

पडताळा घ्यायचा तर पेशी कोणत्या आणि कोणाच्या, हे विचारावे. 'चाचणी सुरू आहे', म्हणजे हा उपचार अजून रुग्णांवर तपासला जात आहे, असे उत्तर आल्यास त्या चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा. भारतात २००९ पासून अशी नोंदणी बंधनकारक असून ती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.